बाबांना आमच्याकडे आणलं, पण ते कोणातच मिसळत नाहीत

वाचक मैत्रिणीचं पत्र थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत): वय ४८, पिंपळे सौदागरला राहतात, नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, मुलगी बारावीला. आई गेल्या वर्षी गेली. वडील ७८ वर्षांचे, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, सगळा जन्म सदाशिव पेठेत गेलेला. रोज सकाळी सारसबाग, मग अमृततुल्यमध्ये चहा, बिल्डिंगमधल्या सगळ्यांची लाइट बिलं आणि फॉर्म तेच भरायचे. आई गेल्यावर "एकटे कसे राहतील" म्हणून मुलीने त्यांना आपल्या घरी आणलं. स्वतंत्र खोली, टीव्ही, जेवण हातात, इकडची काडी तिकडे करावी लागत नाही. पण आता ते दिवसभर खोलीत असतात, टीव्ही मोठ्ठ्या आवाजात नाहीतर झोप. सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक संघात नाव घातलं तर थोडे दिवस गेले आणि "तिथे नुसता गलका असतो" म्हणून बंद केलं. हास्यक्लबला नाही म्हणाले. पाहुणे आले की गप्प बसून राहतात. त्यात व्हॉट्सॲपवर आलं की एकटेपणा म्हणजे रोज १५ सिगारेट ओढण्याइतका घातक, तेव्हापासून मुलीची झोप उडालीये. कॅनडातला भाऊ म्हणतो पेठेतला फ्लॅट विकू आणि त्यांना चांगल्या सिनियर लिव्हिंगमध्ये ठेवू. वडिलांना विचारलं तर "मी ठीक आहे, तुम्ही तुमचं बघा" एवढंच उत्तर. त्यांचा प्रश्न: बाबांना माणसांत कसं आणू?

ताई,

आधी ते सिगारेटचं बघू, कारण तुमची निम्मी घालमेल त्या फॉरवर्डमुळे चालू आहे. ते खोटं नाही पण अर्धंच आहे. अमेरिकेत ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड म्हणून मानसशास्त्राच्या प्राध्यापक आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये आधी झालेले १४८ अभ्यास एकत्र करून तपासले, मिळून तीन लाखांहून जास्त माणसं, सरासरी साडेसात वर्षं त्यांची नोंद ठेवलेली. त्यात दिसलं की ज्यांचा माणसांशी संबंध चांगला आहे त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता साधारण ५० टक्क्यांनी जास्त होती. हा आकडा सिगारेट सोडण्याने पडणाऱ्या फरकाच्या जवळपास जातो म्हणून ती तुलना निघाली आणि २०२३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे तिथल्या सरकारचे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख डॉक्टर, विवेक मूर्ती यांच्या अहवालात आल्यावर ती जगभर फिरली. पण हे हजारो माणसांच्या सरासरीचं गणित आहे, आणि जे आजारी असतात ते बाहेर पडत नाहीत म्हणूनही एकटे पडतात, त्यामुळे कशामुळे काय झालं हे अशा आकड्यांतून पूर्ण सुटं करता येत नाही. तुमचे बाबा खोलीत बसलेत म्हणजे रोज पाकीटभर सिगारेट ओढतायत असा त्याचा अर्थ काढून रात्र रात्र जागू नका.

मात्र २०१० च्या त्याच अभ्यासात एक गोष्ट आहे जी फॉरवर्डवाले कधीच सांगत नाहीत आणि तुमच्यासाठी तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. त्यांनी हेही पाहिलं की माणसांशी असलेला संबंध नेमका कशाने मोजला तर फरक जास्त दिसतो. "एकटा राहतो की कोणाबरोबर राहतो" एवढंच विचारलं तर फरक सगळ्यात कमी दिसला, १९ टक्के. आणि त्या माणसाचे घरचे, मित्र, शेजारी, कामाधामातले, देवळातले, मंडळातले असे किती वेगवेगळे धागे आहेत ते सगळं धरून मोजलं तर तोच फरक ९१ टक्क्यांवर गेला.

आता तुमचं पत्र परत वाचा. तुम्ही (मनापासून, आणि तुमच्या जागी बहुतेक मुलींनी हेच केलं असतं) बाबांचा १९ टक्केवाला प्रश्न सोडवलात, ते एकटे राहत होते ते आता चौघांत राहतात. पण ते करताना दुसरे धागे जवळजवळ सगळे तुटले. सारसबागेत रोज दिसणारी माणसं, चहावाला, पेपरवाला, मंडईतली भाजीवाली, बँकेतला तो नेहमीचा क्लार्क, खालच्या मजल्यावरच्या काकू ज्यांचं बिल ते भरायचे. यातलं कोणीही "जवळचं" नाही, यांच्यातल्या निम्म्यांची नावंही बाबांना माहीत नसतील, आणि म्हणून आपण घर बदलताना यांचा हिशोबच करत नाही, आपण म्हणतो तिथे त्यांचं होतंच कोण, आई तर गेली.

हे वरवरचे वाटणारे ओळखीचे लोक म्हातारपणी फार मोठं काम करत असतात. टेक्सासमध्ये ऑस्टिनला कॅरेन फिंगरमन यांच्या टीमने ६५ च्या पुढच्या तीनशेहून जास्त लोकांचा अभ्यास केला, काही दिवस दर तीन तासांनी विचारायचे की आत्ता कोणाकोणाशी बोललात, हालचाल मोजायचं यंत्र अंगावर होतं आणि मधूनमधून काही सेकंदांचा आवाजही रेकॉर्ड व्हायचा, म्हणजे बोलणं खरंच किती झालं ते कळावं. ज्यांचं बोलणं जास्त वेगवेगळ्या प्रकारच्या लोकांशी झालं ते जास्त हिंडते-फिरते होते, कमी वेळ बसून होते आणि मनानेही बरे होते. घरच्यांशी बोलायला खुर्चीतून उठावं लागत नाही, दुकानदाराशी बोलायला शर्ट घालून खाली उतरावं लागतं, साधी गोष्ट आहे पण बाबांच्या दिवसातून नेमकी तीच गेलीये.

आपल्याकडे तर हे अजूनच लक्षात घ्यायला हवं. मुंबईत देवनारला आयआयपीएस ही लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था आहे, तिने ४५ वर्षांपुढच्या लोकांची जी देशभर मोठी पाहणी केली, लासी म्हणतात तिला, २०१७-१८ मध्ये पहिली फेरी झाली आणि ७२ हजारांवर लोकांना विचारलं, त्यात साठीच्या पुढची जेमतेम ५-६ टक्के माणसं एकटी राहणारी निघाली. म्हणजे आपले बहुतेक आजी-आजोबा कोणाच्या तरी घरात, कोणाबरोबर तरी राहतायत. "आमच्याकडे कुटुंब असतं, एकटेपणा हा परदेशातला प्रश्न" असं म्हणून आपण मोकळे होतो आणि भरल्या घरात खोलीत बसलेलं माणूस कोणाच्या हिशोबात येत नाही. तुम्ही ते पाहिलंत आणि पत्र लिहिलंत, याचं मला फार बरं वाटलं.

आता मला तुमच्या पत्रातल्या तीन वाक्यांकडे वळायचंय. टीव्ही मोठ्ठा. संघात "नुसता गलका". पाहुण्यांत गप्प. ताई, बाबांचे कान तपासलेत का? ही तिन्ही वाक्यं एका माणसाबद्दल वाचली की मला आधी कानच आठवतात. वयाने जी ऐकू येण्याची कमतरता येते ती बहुतेक वेळा वरच्या पट्टीतल्या आवाजांची असते, त्यामुळे कोणीतरी बोलतंय हे कळतं पण काय बोलतंय ते कळत नाही, एकट्याशी समोरासमोर बोलताना चालून जातं आणि दहा जण एकदम बोलायला लागले की सगळा नुसता गोंगाट होतो. मग माणूस दोनदा "काय?" विचारतो, तिसऱ्यांदा लाजेने हसून मान हलवतो आणि चौथ्या दिवशी जातच नाही. घरचे म्हणतात स्वभाव बदलला. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) अहवालात आपल्या हातात असलेली १४ कारणं दिलीत, त्यात कमी ऐकू येणं आहे आणि माणसांपासून तुटणंही आहे, आणि बाबांच्या बाबतीत ही दोन्ही एकमेकांना खतपाणी घालत असण्याची शक्यता आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत एक ट्रायल झाली, अचिव्ह नावाची, तीत ज्या ज्येष्ठांना आधीच जास्त धोका होता त्यांना कानाचं मशीन आणि त्याबरोबर नीट मार्गदर्शन दिल्यावर तीन वर्षांत बुद्धीची घसरण जवळजवळ निम्म्याने कमी झाली. बाकीच्या निरोगी गटात तसा फरक दिसला नाही हेही सांगते, म्हणजे मशीन हा सगळ्यांसाठी चमत्कार नाही. पण ऐकू येत नसेल तर दुसरं काहीही करून उपयोग नाही, म्हणून हे पहिलं. ईएनटीकडे जाऊन आधी मळ आहे का बघा, कधीकधी तेवढंच निघतं, मग ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी करा. आणि मशीन लागलं तर ते पहिले काही आठवडे त्रासच देतं, भांड्यांचा आवाज कानात घुसतो, तेव्हा दोन-तीनदा जाऊन सेटिंग करून घ्यावं लागतं हे त्यांना आधीच सांगून ठेवा नाहीतर ते डबीत जाईल.

दुसरी तपासणी मनाची. बायको जाऊन वर्ष झालंय, इतक्या वर्षांचा संसार, उदास असणं साहजिकच आहे. पण भूक कमी, वजन उतरलंय, रात्री झोप नाही, पूर्वी आवडायचं त्यातलंही काही नको, "आता माझं काय राहिलंय" असं बोलणं, यातलं काही आठवड्यामागून आठवडे चालू असेल तर ते दुःखाच्या पलीकडे गेलेलं डिप्रेशन असू शकतं, वयामुळे असंच असतं म्हणून सोडून देऊ नका. फॅमिली डॉक्टरांना सांगून थायरॉइड आणि बी१२ पण बघून घ्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फोन करून मराठीतही बोलता येतं.

हे दोन्ही बघून झालं की मग तुमचा मूळ प्रश्न, माणसांत कसं आणू. त्या "आणू" शब्दावर जरा थांबते. आत्तापर्यंत बाबांच्या बाबतीत जे जे झालं ते सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं आहे, कुठे राहायचं ते तुम्ही, कुठल्या क्लबात जायचं ते तुम्ही, फ्लॅटचं काय करायचं ते भाऊ. बाबांनी काय ठरवलं असं तुमच्या अख्ख्या पत्रात एकच आहे, संघात आणि हास्यक्लबला जायचं नाही हे. त्यांच्या हातात "नाही" म्हणणं तेवढंच उरलंय म्हणून ते तेवढं वापरतायत असं मला वाटतं. आणि "इकडची काडी तिकडे करावी लागत नाही" हे तुम्ही प्रेमाने लिहिलंय, पण जो माणूस अख्ख्या बिल्डिंगची बिलं भरायचा त्याच्यासाठी हे सुख नाहीये हो.

संशोधनात एक साधी पद्धत वापरतात, मिशिगन विद्यापीठाच्या टोनी अँटोनुची आणि रॉबर्ट कान यांनी १९८० मध्ये मांडलेली. कागदावर मध्ये "मी" लिहायचं, भोवती एकात एक तीन गोल काढायचे. आतल्या गोलात ज्यांच्याशिवाय चालणारच नाही ती माणसं, मधल्यात जवळची, बाहेरच्यात नुसती ओळखीची पण ज्यांचं असणं धरून चालतो ती. रविवारी दुपारी मुलीला बाजूला बसवा, तिने काढायचं आणि बाबांनी सांगायचं, आधी पेठेतला कागद, मग आत्ताचा. नावं आठवत नसतील तर "चष्मेवाला", "सारसबागेतले लेंगेवाले आजोबा" असं लिहिलं तरी चालेल. माझा अंदाज आहे की आत्ताच्या कागदावर आतला गोल ठीकठाक भरेल आणि बाहेरचा रिकामा राहील. मग फक्त विचारायचं, यातलं कोण भेटावंसं वाटतं. सगळे नाही वाटणार आणि तेही बरोबर आहे. स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेन्सन यांचं कित्येक वर्षांचं काम हेच सांगतं की वय वाढलं की माणसं स्वतःच गोतावळा कमी करतात, ज्यांच्यात जीव आहे तेवढीच ठेवतात, आणि त्यात ती सुखी असतात. तेव्हा मित्रांची संख्या मोजत बसू नका.

पेठेतले धागे जोडणं आता तितकं अवघडही नाही. सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो पिंपरी-चिंचवडकडून थेट स्वारगेटपर्यंत जाते, तुमच्याकडून रिक्षाने कासारवाडीला आलं की गाडी न बदलता मंडई स्टेशन, लिफ्ट आहे, एसी आहे, खड्डे नाहीत. पहिल्या दोन-तीन खेपा तुम्ही किंवा नातीने बरोबर जा, कार्ड कसं टेकवायचं, मंडईला कुठल्या बाजूने वर यायचं ते त्यांना पाठ होऊ दे. मग आठवड्यातून दोन वार ठरवून टाका, सकाळी जायचं, चहा, वाचनालय, बँक, दुपारी आपल्याच फ्लॅटमध्ये पडायचं आणि संध्याकाळच्या गर्दीच्या आधी परत. बँकेचं खातं इकडच्या ब्रँचला ट्रान्सफर करण्याची घाई केली असेल तर थांबा, पासबुक भरायला जाणं हेही एक काम आहे आणि ते त्यांचं आहे.

इकडच्या धाग्यांचं म्हणाल तर ते संघात नाव घालून तयार होत नाहीत, कामातून होतात. दूध, भाजी, इस्त्री, औषधं यातलं जे तुम्ही ॲपवरून मागवता त्यातलं एकदोन बंद करून बाबांवर सोपवा, खरोखर सोपवा, म्हणजे त्यांनी चार रुपये जास्त दिले किंवा कोथिंबीर जून आणली तरी बोलायचं नाही. आणि त्यांचं जे कसब आहे ते वापरा. सोसायटीत ज्यांना हयातीचा दाखला, पेन्शनची भानगड, प्रॉपर्टी टॅक्स, रेशन कार्ड यातलं काही कळत नाही असे लोक भरपूर असतात, घरकामाच्या मावशी आणि वॉचमन तर सगळ्यात जास्त अडलेले असतात. बाल्टिमोरमध्ये एक्सपिरियन्स कोअर म्हणून कार्यक्रम होता, साठीपुढच्या लोकांना प्राथमिक शाळांत आठवड्याला १५ तास मुलांबरोबर काम द्यायचे, आणि तो मुद्दामच असा आखला होता की ज्येष्ठांना कोणीतरी सांभाळतंय असं न वाटता आपली गरज आहे असं वाटावं. लोक टिकून राहिले ते मुलं वाट बघतात म्हणून. तुमच्या सोसायटीत सेक्रेटरींशी बोलून रविवारी तासभर क्लबहाउसमध्ये "फॉर्म भरून मिळेल" असं टेबल लावता येईल का बघा. बाबा त्याला "हो" म्हणतील की नाही सांगता येत नाही, पण हास्यक्लबपेक्षा शक्यता जास्त आहे. (हास्यक्लब वाईट नाहीत हां, पुण्यात कित्येक लोकांना त्यांनी उभं केलंय, फक्त तुमचे बाबा त्यातले दिसत नाहीत.)

आणि एक. ते "माझ्याशी कोणाला काय बोलायचंय, म्हाताऱ्याचं कोण ऐकतं" असं म्हणत असतील तर ते वाक्य वाऱ्यावर सोडू नका. एकटेपणावरच्या उपायांचे जे अभ्यास झालेत ते २०११ मध्ये शिकागोच्या मासी, कॅसिओपो वगैरे मंडळींनी एकत्र करून पाहिले, तर नुसते भेटीगाठीचे कार्यक्रम वाढवून फार फरक पडला नाही, "मी कोणाला नकोय" या समजुतीवर काम केलं तिथे जास्त पडला. म्हणजे कोणी भेटायला आलं नाही की बाबा जो अर्थ काढतात त्याच्याबद्दल बोला, "त्या काकांचा फोन आला नाही म्हणजे ते विसरले असं तुम्हाला वाटतं का, की त्यांच्याकडे तुमचा इकडचा पत्ताच नाही?" असं.

आता भावाचं. सिनियर लिव्हिंग ही टाकाऊ कल्पना नाही, पुण्यात चांगल्या जागा आहेत आणि जी माणसं स्वतः हिंडून, बघून, हौसेने गेलीत ती तिथे मजेत असतात. पण बाबांसाठी हे वर्षा-दोन वर्षांतलं दुसरं उपटणं होईल, आणि तेही न विचारता. त्यांना खरंच बघायचं असेल तर आधी पंधरा दिवस-महिना राहून बघण्याची सोय आहे का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी असते. पेठेत परत जाऊन एकटं राहणं हाही पर्याय आहे, तुम्हाला तो भीतीदायक वाटेल, पण एकटं राहणं आणि एकटं पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे वरच्या आकड्यांतून दिसलंच. तिथे बघायचं ते जिन्याचं, बाथरूममधल्या धरायच्या दांड्यांचं, डब्याचं, आणि रात्री काही झालं तर शेजारी कोणाकडे किल्ली आहे याचं. निम्मा आठवडा इकडे निम्मा तिकडे असंही लोक करतात आणि मला तुमच्याकडे तेच जमेल असं वाटतंय. एवढं मात्र स्पष्ट सांगते, फ्लॅट आत्ता विकू नका. जोडीदार गेल्यावर वर्ष-दोन वर्षं मोठे व्यवहार करू नयेत, आणि तो फ्लॅट विकला की बाबांचा "तिकडे जातो" म्हणायचा हक्कही जातो.

इतर वाचकांसाठी थोडंसं. ज्यांच्या घरी मशीन, चष्मा, काठी यांचा खर्च जड जातो त्यांनी मुख्यमंत्री वयोश्री योजनेची चौकशी करावी, ६५ च्या पुढच्या, वर्षाला दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना त्यात एकदा ३,००० रुपये खात्यात देण्याची तरतूद आहे. ७५ पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून एसटी मोफत आहे, गावाकडची बहीण किंवा जुना मित्र यांच्याकडे जायला तिचा उपयोग करा. छळ, फसवणूक, पेन्शनची अडचण किंवा नुसतं कोणाशी बोलायचं असेल तर ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७ आहे. आणि तुमच्या भागात कुठल्या संस्थेचे, विद्यापीठाचे लोक ज्येष्ठांच्या पाहणीसाठी आले, ओळखपत्र आणि संमतीपत्र नीट दाखवलं, तर घरातल्या आजी-आजोबांना दारातून परत पाठवायला लावू नका. आपल्या पुण्याजवळ शिरूर तालुक्यात वढूला केईएम हॉस्पिटलचं संशोधन केंद्र आहे, तिथल्या गावांतल्या ज्येष्ठांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्धक्याच्या अभ्यासात अशीच उत्तरं दिली आहेत. तास-दीड तास कोणीतरी समोर बसून आपल्याबद्दल विचारतंय आणि लिहून घेतंय, हे बऱ्याच जणांना आवडतं. फक्त ओटीपी, आधारचा नंबर, बँकेचे डिटेल्स मागणारा संशोधक नसतो हे त्यांना सांगून ठेवा.

तर ताई, या आठवड्यात ईएनटीची अपॉइंटमेंट घ्या आणि भावाला फोन करून ब्रोकरला थांबायला सांगा. तो गोलांचा कागद रविवारी. भावालाही तेव्हा व्हिडिओ कॉलवर घ्या, लहानपणापासूनची पेठेतली निम्मी नावं त्यालाच आठवतील, आणि बाबा कोणाची नावं घेतात ते त्यालाही ऐकू दे.